अकराव्या मिनिटाला

रविवार, ३ मार्च

प्रिय धाकटोबा,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे आहेत तसेच, रक्तदाबाची गोळी मात्र बदलली. शेजारच्या मास्तरीणबाई जिन्यात घसरल्या, हात प्लास्टरमध्ये आहे. मला गेल्या महिन्यात चार दिवस ताप होता, तो उतरला. चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. काचा घासायच्या, पुसायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, त्यात नवीन काय असणार. तुमच्या खाणीवर धूळ फार असेल, तोंडाला फडकं बांधत जा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मशीन आजही बंद पडलं. तुझ्या पडद्यावर बाबा तोंड उघडं ठेवून थिजले असतील आणि मग गेले असतील. आमच्याकडे तेवढंही होत नाही. सूचना नाही, आवाज नाही, सगळं एकदम काळं. लगेच चालू केलं तर मिनिटभरात पुन्हा मान टाकतं. वीस मिनिटं थांबलं की शहाण्यासारखं उठतं. पण तोवर खाणीवरच्या कॉम्प्युटरवरची तुझी अर्ध्या तासाची पाळी संपलेली असते आणि तुझ्या खुर्चीत बसून दुसराच कोणी आपल्या बायकोशी बोलत असतो.

डिसेंबरात तू सुट्टीवर आलास, सुटे भाग मागवलेस आणि जेवणाच्या टेबलावर एका दुपारी हे उभं केलंस, तेव्हा बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझ्या मुलाने माझ्यासाठी कॉम्प्युटर बांधला. खिळ्यांच्या कारखान्याने त्यांचे कान खाल्ले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना समजतं, आणि माझ्या फोनच्या टीचभर पडद्यावर ते दिसत नाहीत, म्हणून तू एवढा मोठा पडदा लावून दिलास. विचार चांगला होता. मी दिवा धरून शेजारीच उभी होते, मला सगळं आठवतं.

जानेवारीत अर्धा तास सहज चालायचं. तू सांगितलंस तसे वहीत रकाने पाडून लिहून ठेवते आहे. १८ फेब्रुवारी, चौदा मिनिटं. २५ फेब्रुवारी, बारा. आज अकरा.

बाबांची चिठ्ठी तुला माहीतच आहे. कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या फोरमनला मुद्दे लिहून द्यायचे, ती सवय काही गेली नाही. मुलाशी बोलायचं तरी हातात चिठ्ठी. एक हवा, दोन तब्येत, तीन औषधं, चार शेजारपाजार, आणि मग पाच. क्रम मोडायचा नाही, मुद्दा गाळायचा नाही, महत्त्वाचं सगळ्यात शेवटी. पुढचा माणूस शेवटी ऐकलेलंच लक्षात ठेवतो म्हणे. हल्ली चौथा मुद्दा संपत आला की मला म्हणतात, "जा, चहा ठेव." म्हणजे पाचवा माझ्या कानावर पडायला नको. मी चहा घेऊन येते तोवर पडदा काळा झालेला असतो आणि बाबा चिठ्ठीची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवत असतात. मग माझ्याकडे बघून विचारतात, "काय केलंस तू?"

तुझा शाळासोबती स्क्रू, त्याचं दुरुस्तीचं दुकान बसथांब्याजवळच आहे. तिकडे नेऊ का म्हटलं, तर म्हणाले, "गणितात तीनदा नापास झालेल्या गाढवाच्या हातात माझ्या मुलाचं मशीन द्यायचं नाही." तूही तेच म्हणशील, म्हणून नेलेलं नाही. काय काय तपासायचं ते कळव.

तुझी,
ताई


सोमवार, १ एप्रिल

धाकटोबास,

आशीर्वाद. तुझं चार पानी पत्र पोचलं. दोन ओळी बाबांना आणि बाकी सगळी मशीनला. मला "ताई, घाई न करता, समजून घेऊन कर" एवढं. बरं. समजून घेऊन केलं.

आधी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, एक ठेवून बघितली, मग दुसरी. दोन्हींवर बंद पडतं. सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकलं, त्यात माझा एक अख्खा शनिवार गेला. तरी बंद पडतं. पंखा फिरतो, धूळ नाही. मग तापमान. सुरू होताना डिलीटची कळ दाबून तो निळा पडदा उघडला आणि प्रोसेसरसमोरचा आकडा बघितला. एकेचाळीस. पन्नासच्या आत असेल तर त्या बाजूला बघायचंच नाही, असं तू लिहिलं होतंस. बघितलं नाही.

रविवारच्या नोंदी सोबतच्या कागदावर आहेत. बहुतेक सगळीकडे अकरा.

तू लिहितोस, "जोडणीत चूक नाही हे गृहीत धरून पुढे जा. दोन मजली उंच यंत्रं मी चालू ठेवतो, हा तर डबा आहे." गृहीत धरलं. दिवा मीच धरला होता, त्यामुळे जोडणी मीही बघितली आहे, पण माझं मत तू विचारलेलं नाहीस. दोन हजार मैलांवरून उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं.

इकडे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. मशीन मुलाने बांधलं म्हणजे ते चांगलंच असणार, मग वाईट कोण? मी. काल सकाळी नऊपासून बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. अकराला तू दिसलास. अकरा वाजून अकरा मिनिटांनी गेलास. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही." मी चहाचे दोन्ही कप मोरीत ओतले.

तुला आठवतं का, मलाही इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याला प्रवेश मिळाला होता? तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास. आईने अंथरूण धरलं आणि बाबा म्हणाले, एक वर्ष थांब. ते एक वर्ष अजून चालू आहे. आईचं झालं, मग बाबांचे कान, मग गुडघे, मग रक्तदाब. मी तक्रार करत नाही, नोंद करते आहे. तुला नोंदी आवडतात.

परवा आत्या आली होती. बाबा मला चहाला पिटाळतात हे ऐकून म्हणाली, "अगं, दादा घराचं बोलत असणार. मुलाच्या नावावर करायचं तर मुलीसमोर कसं बोलणार?" असेल. रीतच आहे ती. तुमचं बापलेकांचं ठरलं की मला कळवाल, की दाराला कुलूप लागलेलं बघून मी समजून घ्यायचं?

हे वाक्य खोडायला हवं होतं, पण पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आला.

ताई


रविवार, १२ मे

इंजिनियरसाहेबांस,

पार्सल पोचलं. एसएमपीएस, तो विजेचा डबा, बदलला. तू लिहिलं होतंस, "स्क्रूकडून बसवून घे पण नजर ठेव." नाही घेतलं. मी रोज नखाएवढे स्क्रू फिरवते, चार मोठे जड नव्हते. नव्या डब्यातून वीज येते, दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि आज बरोबर आठव्या मिनिटाला सगळं काळं. उन्हाळा वाढतोय तसं ते लवकर जातं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. तुझ्यासारख्या हुशार माणसाने ते दोनदा वाचावं.

बाबा आज तिसऱ्या मुद्द्यावर होते. मला चहाला पाठवायची वेळसुद्धा आली नाही.

तुझ्या मागच्या पत्रात तीन तर्क होते. घराची वायरिंग जुनी असेल. मास्तरीणबाईंच्या पंपामुळे दाब कमी होत असेल. आणि तिसरा: "ताई, तू बोलणं चालू असताना टेबल हलवतेस का, किंवा वायरवर पाय देतेस का? आठवून बघ." आठवून बघितलं. मी स्वयंपाकघरात असते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आईने तुला शिकवली होती, तू चौथीत असताना. तू ती वहीत दहा वेळा लिहिली होतीस.

तुझं एक पत्र असं आलेलं नाही की ज्यात तू लिहिलंस, ताई, माझंच काही राहिलं का बघतेस? तू बांधत असताना शेजारी उभं असलेलं या जगात एकच माणूस आहे. त्याला विचारायचं सोडून तू पंपाला विचारतोस.

मला राग आला आहे. तो आजचा नाही, आणि सगळा तुझ्यावरचाही नाही. आज बाबा म्हणाले, "तो असता तर पाच मिनिटांत केलं असतं." मी म्हटलं, "त्यानेच केलंय हे." त्यांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून बोलले होते.

बाबांच्या तब्येतीचं विचारलं आहेस. पायांवर सूज येते, जिना चढवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय, वयाने असं होतं. सुट्टी काढायची घाई करू नकोस, पावसाळ्यानंतर आलास तरी चालेल. तोवर मशीनचं काय ते शोधून काढ.

ताई


मंगळवार, २ जुलै

धाकट्या,

तू येऊन गेलास त्याला आता तीन आठवडे झाले. सहा जूनला बाबा गेले, सातला तू आलास, चार दिवस राहिलास आणि गेलास. त्या चार दिवसांत आपण एकमेकांशी फार तर वीस वाक्यं बोललो असू. मी चहा करत होते, तू माणसांना नमस्कार करत होतास.

पण आत्या, मास्तरीणबाई आणि खालच्या मजल्यावरचं कुटुंब यांच्यासमोर तू म्हणालास, "मी एवढं मशीन बांधून दिलं होतं, ताईला ते सांभाळता आलं नाही. शेवटचे तीन महिने मला बाबांशी धड बोलता आलं नाही." आत्याने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कप गोळा करून आत गेले.

आणि निघताना दारात, बॅग खांद्याला लावता लावता: "घर विकायचं बघू. तुला एकटीला एवढं कशाला?"

म्हणून हे पत्र. आता तपासायला काही उरलेलं नाही, तेव्हा दोष काय होता ते सांगते.

या पत्राच्या शेवटी चौकोनी पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवला आहे, बघ. मध्ये भाजल्यासारखा पिवळा पडला आहे. कडेला लाल अक्षरांत छापलंय की बसवण्यापूर्वी ही काढून टाका. प्रोसेसर गार ठेवायला त्याच्यावर जो धातूचा ठोकळा आणि पंखा बसतो, त्या ठोकळ्याच्या बुडाला ही होती. तू ती काढली नाहीस. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती. थंडीत निभावलं. ऊन वाढलं तसं तापून बंद पडायला लागलं.

मी दिवा धरून उभी होते. तू तो ठोकळा उलटा केलास तेव्हा त्याच्यावर चकाकी दिसली. मी दिवसाला तीस काचांवरून अशी फिल्म सोलते, मला ती चकाकी झोपेतही ओळखू येते. मी म्हटलं, "अरे, त्याच्या खाली काहीतरी आहे." तू म्हणालास, "ताई, बडबड करू नकोस, दिवा हलतो." मी दिवा स्थिर धरला.

तेव्हा मला खात्री नव्हती. वाटलं, असेल तसंच. पण फेब्रुवारीत बंद पडायला लागलं तेव्हा तीच चकाकी आठवली. माझं पहिलं पत्र तीन मार्चचं. त्याच्या आधीच्या मंगळवारी बाबांना दुपारी झोप लागली होती, तेव्हा मी मशीन रिक्षात घालून स्क्रूकडे नेलं होतं. नेलेलं नाही असं तुला लिहिलं, ते खोटं. त्याला दहा मिनिटं लागली. ठोकळा काढला, फिल्म बघितली आणि हसला. म्हणाला, "ताई, ही तर नवशिक्याची चूक. कोणी जोडलंय?"

मी सांगितलं. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "होतं असं. काढून टाकतो, नवी पेस्ट लावतो, झालं काम."

मी म्हटलं, "काढू नकोस. होतं तसं बसव."

"अहो ताई, पुन्हा बंद पडेल."

"पडू दे. त्याचं मशीन आहे. त्याला सापडू दे."

त्याने बसवलं. गणितात तीनदा नापास झालेला तो, पण नंतर एका शब्दाने कोणाला बोलला नाही. तू आलास तेव्हा भेटायलाही आला होता, तू त्याला ओळखलं नाहीस.

तापमान मी एकेचाळीस लिहिलं होतं. चौऱ्याण्णव होतं. एकेचाळीस माझं वय. तो आकडा बघून तुला काहीतरी खटकेल असं वाटलं होतं. तू पुढच्या पत्रात लिहिलंस, "उत्तम, तापमान आदर्श आहे."

का केलं, हे तू विचारशील. सुरुवातीला मला फक्त इतकंच हवं होतं, तू एकदा विचारावंस. एकदा, की ताई, तू तेव्हा काय म्हणत होतीस? मी दुसऱ्याच दिवशी फिल्म काढली असती. तू रॅम विचारलीस, वायरिंग विचारलीस, माझे पाय विचारलेस. मग आत्या ते घराचं बोलली, आणि मला वाटलं, बरं आहे. बापलेक माझ्या पाठीमागे मला बेघर करायला बसले आहेत आणि तुझ्याच हातची चूक दर रविवारी त्यांचं तोंड दाबते आहे. चहा उकळताना मी घड्याळ बघायचे. बाहेर सगळं शांत झालं की मला बरं वाटायचं. हे मी लपवत नाही. बाबा माझ्याकडे बघून "काय केलंस तू?" म्हणायचे, तेव्हासुद्धा आतून बरं वाटायचं, कारण त्या वेळी पहिल्यांदाच त्यांचा प्रश्न बरोबर होता.

डॉक्टरीणबाई मे महिन्यात काय म्हणाल्या तेही मी तुला खरं लिहिलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, महिनाभर, मुलाला बोलावून घ्या.

तू गेल्यावर मी बाबांचा चष्मा दुकानात द्यायला काढला. आम्ही जुन्या फ्रेम गरजूंना देतो. डबी उघडली तर खाली घड्या घातलेल्या सोळा चिठ्ठ्या. १८ फेब्रुवारीपासून २ जूनपर्यंत, दर रविवारची एक. एक हवा, दोन तब्येत, तीन औषधं, चार शेजारपाजार. आणि पाचवा मुद्दा सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांवर तोच, नुसतं अक्षर बिघडत गेलेलं. पहिल्या चिठ्ठीवरचा उतरवून देते:

"५. पोरीचं. तिला ताप होता तेव्हा कळलं, तिला पाणी द्यायला घरात माणूस नाही. मला उठता आलं नाही. तू ये आणि मला घेऊन जा. तिला सोडव. तिचं शिकायचं राहिलं आहे. घर तिच्या नावावर करायचं, कागद आण, सही करतो. तिच्यासमोर बोलू नको, ती नाही म्हणेल."

मला चहाला पाठवल्यावर ते आधी चष्मा पुसायचे, मग घसा साफ करायचे, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. त्यांना असलं बोलायला वेळ लागायचा. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल काहीतरी सांगणार होते आणि त्यांनी ते पाचव्या क्रमांकावर ठेवलं, कारण महत्त्वाचं शेवटी. एकदा, फक्त एकदा, त्यांनी क्रम मोडला असता. किंवा तू मला एक प्रश्न विचारला असतास. किंवा मी त्या मंगळवारी स्क्रूला म्हटलं असतं, काढ. त्यानंतर चौदा रविवार होते, धाकट्या. मी मोजले.

तुला वाटेल मी माफी मागते आहे. नाही. माफी मागायची तर ती बाबांची, आणि ते आता ओठ बघायलाही नाहीत. तुझी मी मागणार नाही, आणि तूही माझी मागू नकोस, आपल्या दोघांना ते शोभणार नाही. मला इतकंच हवं आहे की पुढच्या वेळी चारचौघांत तू म्हणशील, ताईला मशीन सांभाळता आलं नाही, तेव्हा तुझ्या खिशात ही फिल्म असावी.

चिठ्ठ्या माझ्याकडेच राहतील. एक तुला पाठवते, २ जूनची. तिच्यावरचं अक्षर असं आहे की तुला एकेक शब्द लावत बसावं लागेल. बस. त्या कागदाला कायद्याने किंमत नाही, सही राहिली, हे मला समजतं. घर विकायचं असेल तर विक, मी अडवणार नाही. फक्त विकताना मुद्दा पाच वाचून मग सही कर.

फिल्म मी गेल्या शनिवारी काढली. पाच मिनिटांचं काम होतं, त्यातली तीन पेस्ट लावायला गेली. दिवा धरायला कोणी नव्हतं, तोंडात धरला. तुझी वही पूर्ण करायची म्हणून शेवटची नोंद करून ठेवली आहे:

३० जून, रविवार. सकाळी अकराला चालू केलं. समोर कोणी नाही. अकरावं मिनिट गेलं. संध्याकाळी पाचपर्यंत चाललं. बंद मी केलं.

तुझी, दिवा धरणारी,
ताई